बल कोणावर, ऊर्जा कुठून: नववी-दहावीच्या भौतिकशास्त्राची सुरुवात आपल्या शेतशिवारातून

संध्याकाळी आमच्या ओसरीवर नववी-दहावीची लेकरं विज्ञान शिकायला बसतात. दर जून-जुलैत एकच गोष्ट दिसते. सूत्रं पाठ असतात, उदाहरण सुटत नाही. ‘बल बरोबर वस्तुमान गुणिले त्वरण’ हे झोपेतही म्हणतील, पण रस्त्यावरून चाललेली बैलगाडी दाखवून हिच्यावर कोणकोणती बलं आहेत असं विचारलं की सगळे गप्प. लेकरं हुशार आहेत. फक्त सूत्राच्या आधी विचारायचे दोन प्रश्न त्यांना कोणी विचारायला शिकवलेले नसतात.

बल आलं की विचारायचं: कोणी लावलं आणि कोणावर लावलं? ऊर्जा आली की विचारायचं: कुठून आली आणि कुठे गेली? खालच्या सगळ्या पायऱ्या याच दोन प्रश्नांना धरून आहेत. एका दिवसात उरकू नका, आठवड्याला एक पायरी पुरे.

लागणाऱ्या वस्तू घरातल्याच आहेत: मोजायचा टेप, मोबाईलमधलं स्टॉपवॉच, दोरी, बादली, सायकल, आणि वेचणीच्या वेळी कापूस मोजायला लागतो तो टांगता काटा. घरी कापूस नसेल तर शेजारी मागा. एक पथ्य मात्र कडक पाळा. विहिरीवरचा प्रयोग घरच्या मोठ्या माणसाला सोबत घेऊनच करायचा, आणि मोटारीच्या स्टार्टरला किंवा वायरीला हात लावायचा नाही.

पायरी १: बांधावरून एक फेरी मारा

एक एकराचा चौकोनी तुकडा असेल तर त्याची एक बाजू साधारण ६४ मीटर भरते, म्हणजे बांधावरून पूर्ण फेरी २५४ मीटरच्या आसपास. ज्या कोपऱ्यातून निघालात तिथेच परत आलात तर कापलेलं अंतर २५४ मीटर आणि विस्थापन शून्य. दोन बाजू चालून समोरच्या कोपऱ्यात थांबलात तर अंतर १२७ मीटर, पण विस्थापन तिरक्या रेषेचं, ९० मीटर. अंतर पायांना विचारायचं. विस्थापन म्हणजे निघालो ती जागा आणि पोचलो ती जागा यांना जोडणारी सरळ रेघ.

अंतराला वेळेने भागलं की चाल. विस्थापनाला वेळेने भागलं की वेग, आणि वेगाला दिशा असते. म्हणून पूर्ण फेरीत तुमची सरासरी चाल सेकंदाला सव्वा मीटर असली तरी सरासरी वेग शून्य येतो.

ताशी किलोमीटरचं सेकंदाला मीटर करताना निम्मी लेकरं चुकतात. त्यासाठी एकच जोडी लक्षात ठेवा: ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. मग १८ म्हणजे ५, ५४ म्हणजे १५, ७२ म्हणजे २०, हे आपोआप येतं.

त्वरण एसटीत बसून शिका. कंडक्टरने डबल बेल दिली, गाडी सुटली आणि २० सेकंदांत ताशी ३६ च्या वेगाला आली. २० सेकंदांत वेग १० ने वाढला, म्हणजे दर सेकंदाला अर्ध्याने. ‘०.५ मीटर प्रति सेकंद वर्ग’ या अवघड दिसणाऱ्या एककाचा अर्थ एवढाच, की दर सेकंदाला वेगात अर्ध्या मीटर प्रति सेकंदाची भर पडते आहे.

पायरी २: विहिरीची खोली घड्याळाने काढा

जुनी माणसं विहिरीची खोली परसात सांगायची. हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाच्या उंचीचं ते माप. आपण ती सेकंदांत काढू.

पडीक, कोरडी विहीर निवडा. पिण्याच्या पाण्याच्या विहिरीत दगड टाकायचा नाही, आणि आत माणूस-जनावर नाही हे मोठ्या माणसाकडून बघून घ्या. दगड फेकायचा नाही, नुसता हातातून सोडायचा. सोडताना स्टॉपवॉच सुरू, आवाज आला की बंद. वेळेचा वर्ग करा आणि त्याला ४.९ ने गुणा, खोली मीटरमध्ये आली. हे ४.९ म्हणजे गुरुत्वीय त्वरण ९.८ चं निम्मं. एका सेकंदात दगड ४.९ मीटर पडतो, दोन सेकंदांत १९.६ मीटर. वेळ दुप्पट झाली की खोली चौपट, कारण दगड पडताना त्याचा वेग वाढतच जातो.

आता या प्रयोगातला खरा धडा. समजा वेळ १.७५ सेकंद आली, तर खोली १५ मीटर. पण बोटाने बटण दाबायला दोन दशांश सेकंद इकडेतिकडे झाले तर? १.५५ ला उत्तर पावणेबारा मीटरच्या आसपास येतं आणि १.९५ ला साडेअठराच्या पुढे. एवढ्याशा चुकीने विहीर तीन-साडेतीन मीटर वरखाली झाली! म्हणून दहा वेळा मोजा, सरासरी काढा, आणि शेवटी दोरीला दगड बांधून खरी खोली मोजून दोन्ही आकडे वहीत शेजारी-शेजारी लिहा. उत्तर चुकलं तरी खोडू नका. किती चुकलं आणि का चुकलं, हे लिहिणं हाच विज्ञानाचा अभ्यास आहे.

मोजमापातली चूक कमी करण्यासाठी माणूस किती खटपट करतो, याचं जगातलं एक मोठं उदाहरण आपल्याच मराठवाड्यात उभं राहणार आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळच्या लायगो-इंडिया प्रकल्पाला केंद्र सरकारने २०२३ मध्ये अंतिम मंजुरी दिली. त्याच्या दोन भुजा प्रत्येकी चार किलोमीटर लांब असतील, आणि अवकाशातून गुरुत्वीय लहर (अवकाशालाच किंचित ताणणारी-आकसवणारी लहर) आली की त्यांच्या लांबीत पडणारा प्रोटॉनहूनही कितीतरी बारीक फरक तिथे मोजायचा आहे. तुमच्या बोटाची दोन दशांश सेकंदांची चूक आणि तिथली खटपट या एकाच वाटेवरच्या गोष्टी आहेत.

जड वस्तू लवकर पडते असं वाटत असेल तर वहीचा एक कागद आणि एक दगड सोबत सोडा, मग तोच कागद चुरगाळून गोळा करून सोडा. वजन तेच, तरी गोळा दगडाच्या जवळजवळ बरोबरीने पडेल. अडवत होती ती हवा. चंद्रावर हवा नाही, म्हणून १९७१ मध्ये अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉट यांनी तिथे हातोडी आणि पीस एकदम सोडलं तेव्हा दोन्ही एकाच वेळी खाली टेकलं.

पायरी ३: ‘ओढलं तरच चालतं’ हा समज मोडा

हा समज आपल्या हाडामांसात भिनलेला असतो. बैल थांबले की गाडी थांबते, पायडल थांबलं की सायकल थांबते. मग चालत राहायला बल लागतंच, असं वाटणारच. पण गाडी थांबते ती घर्षण तिला मागे ओढतं म्हणून. डांबरी रस्त्यावर गाडी एकसारख्या वेगाने चालली असेल तेव्हा बैल जितकं पुढे ओढतात तितकंच घर्षण मागे ओढतं. दोन्ही फिटतात, निव्वळ बल शून्य, म्हणून वेग आहे तसाच राहतो. निव्वळ बल लागतं ते वेग बदलायला. न्यूटनने १६८७ मध्ये मांडलेला पहिला नियम हाच.

आता पहिला प्रश्न वापरून बघा. एसटीने करकचून ब्रेक मारला आणि तुम्ही पुढे गेलात. आपण म्हणतो, ‘पुढे धक्का बसला’. धक्का कोणी मारला? मागे कोणी नव्हतं. बल लावणारा सापडत नसेल तर ते बल नाहीच. तुम्ही आधीच गाडीच्या वेगाने पुढे चालला होतात, गाडीचा वेग कमी झाला, तुमच्या अंगाचा झाला नाही. हे जडत्व. गोधडी झटकली की धूळ उडते तेही असंच: गोधडी सरकते, धूळ जागेवर राहते.

पायरी ४: कापसाच्या काट्याने बल मोजा

२० किलो ज्वारीचं पोतं घ्या. त्याला दोरी बांधा, दोरीला काटा अडकवा आणि जमिनीला समांतर ओढा. काटा किलो दाखवेल, त्याला ९.८ ने गुणलं की न्यूटन मिळतात. काटा ८ किलो दाखवत असेल तर तुम्ही पोत्याला साधारण ७८ न्यूटन बलाने ओढताय.

ओढताना काट्यावर नजर ठेवा. पोतं हलायच्या आधी आकडा चढत जातो आणि ते सरकायला लागलं की खाली येतो. वस्तू जागची हलवायला जास्त बल लागतं, सरकत ठेवायला कमी. मग तेच पोतं शहाबादी फरशीवर, अंगणातल्या मातीवर आणि खाली पाईपचे चार तुकडे ठेवून ओढा. तिन्ही आकडे लिहा. घर्षणाबद्दल दोन पानं वाचून जे कळत नाही ते हे तीन आकडे सांगतात.

इथेच वस्तुमान आणि वजन यांतला गोंधळ मिटवा. पोत्यात ज्वारी किती आहे ते वस्तुमान, २० किलो. पृथ्वी त्या पोत्याला किती बलाने खाली ओढते ते वजन, १९६ न्यूटन. चंद्रावर ज्वारीचा एक दाणाही कमी होणार नाही, पण वजन सहावा हिस्सा उरेल.

दुसऱ्या नियमासाठी, म्हणजे ‘बल बरोबर वस्तुमान गुणिले त्वरण’ यासाठी, सायकल. रिकामी सायकल १५ किलोची धरा. कॅरिअरला गॅसचा भरलेला सिलेंडर बांधला तर आणखी साधारण ३० किलो, एकूण ४५. निव्वळ बल ४५ न्यूटन लावलं तर रिकाम्या सायकलचं त्वरण ३ आणि भरलेलीचं १. बल तेच, वस्तुमान तिप्पट, त्वरण एक तृतीयांश.

पायरी ५: बैल आणि गाडी

एकदा नववीतली एक मुलगी म्हणाली, “सर, बैल गाडीला जेवढं ओढतात तेवढंच गाडी बैलांना मागं ओढते म्हणता. मग दोघं जागेवरच राहायला पाहिजेत की!” तिचा प्रश्न अगदी रास्त होता. ‘प्रत्येक क्रियेला तेवढीच, उलट दिशेची प्रतिक्रिया’ हा तिसरा नियम पाठ केलेल्या प्रत्येकाला हा प्रश्न पडायला हवा. ज्याला पडला नाही त्याने नियम नुसता वाचला.

आम्ही अंगणात काडीने चित्र काढलं. आधी फक्त गाडीभोवती कुंडाळं काढलं. कुंडाळ्याच्या आतल्या वस्तूवर बाहेरून कोण कोण बल लावतं? बैल पुढे ओढतात, ६०० न्यूटन. रस्त्याचं घर्षण मागे ओढतं, ५०० न्यूटन. उरले १०० न्यूटन, पुढच्या दिशेने. गाडी मालासकट १००० किलोची असेल तर त्वरण ०.१. गाडी बैलांना मागे ओढते ते बल या कुंडाळ्यात येतच नाही, कारण ते गाडीवर नाही, बैलांवर आहे.

मग दुसरं कुंडाळं, फक्त बैलजोडीभोवती. गाडी त्यांना ६०० न्यूटनने मागे ओढते. मग बैलांना पुढे कोण ढकलतं? जमीन. बैल खुरांनी जमीन मागे रेटतात, जमीन त्यांना पुढे रेटते. जोडीचं वस्तुमान ८०० किलो धरलं तर ०.१ त्वरणासाठी ८० न्यूटन जास्तीचे लागतात, म्हणजे जमिनीने त्यांना ६८० न्यूटनने पुढे ढकलायला हवं.

आता पावसाळ्यातली आपली काळी माती आठवा. चिखलात खूर घसरतात, जमीन ४०० न्यूटनहून जास्त रेटा देऊच शकत नाही. बैल ताकदवान आहेत, गाडी तीच आहे, पण गाडी रुतते. म्हणून तर गडी चाकाखाली आणि खुरांखाली दगड-पाचोळा टाकतात. हे सांगितलं तेव्हा ती मुलगी एकदम म्हणाली, “म्हणजे गाडी खरं तर जमीन चालवते!” बरोबर. आपणही जमिनीच्या रेट्यानेच चालतो.

क्रिया-प्रतिक्रियेची जोडी ओळखायची खूण सोपी आहे: नावांची अदलाबदल करा. ‘बैल गाडीला ओढतात’, उलट करा, ‘गाडी बैलांना ओढते’. जोडी झाली. ‘पृथ्वी हंड्याला खाली ओढते’, उलट, ‘हंडा पृथ्वीला वर ओढतो’. ही जोडी. ओट्याने हंड्याला वर उचलून धरलंय ते बल पृथ्वीच्या ओढीची प्रतिक्रिया नाही. ती दोन्ही बलं एकाच हंड्यावर आहेत, आणि जोडीतली बलं कधीच एका वस्तूवर नसतात. परीक्षेत हमखास चुकतं ते इथे.

पायरी ६: कार्य म्हणजे कष्ट नव्हे

विज्ञानात कार्य म्हणजे बल गुणिले त्या बलाच्या दिशेने झालेलं विस्थापन. १२ मीटर खाली असलेल्या पाण्यातून १५ लिटरची बादली शेंदली. पाण्याचं वस्तुमान १५ किलो, त्याला ९.८ आणि १२ ने गुणा: १७६४ ज्यूल कार्य झालं. कप्पीवरून दोर ओढला तरी बल तेवढंच लागतं. कप्पी फक्त दिशा बदलते, त्यामुळे वर ओढण्याऐवजी अंगाचा भार टाकून खाली ओढता येतं.

टेम्पोत पोतं चढवताना हमाल फळी लावतात तेव्हा मात्र बल कमी होतं. टेम्पोची उंची १.२ मीटर आणि फळी ३.६ मीटर असेल, आणि घर्षण सोडून दिलं, तर बल एक तृतीयांश पुरतं. पण अंतर तिप्पट चालावं लागतं. कार्य तेवढंच राहतं. कोणतंही यंत्र घ्या, बलात सूट मिळाली की अंतरात भरपाई द्यावी लागते.

आता पुस्तकातलं एक वाक्य, जे मला वर्गात सांगताना नेहमी थांबावंसं वाटतं. डोक्यावर हंडा घेऊन सपाट रस्त्याने चाललं तर हंड्याचा भार पेलणाऱ्या बलाने केलेलं कार्य शून्य. बल वर, विस्थापन आडवं. गणित बरोबर आहे. पण आपल्याकडे उन्हाळ्यात बायाबापड्यांनी दोन-दोन किलोमीटरवरून पाणी आणलेलं आहे, आणि त्यांना हे वाक्य सांगितलं तर त्या काय म्हणतील? दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. भार नुसता धरून ठेवायलाही मानेचे, पाठीचे स्नायू सतत आकसत असतात. त्यात अन्नातली ऊर्जा खर्च होते आणि तिची उष्णता बनते, म्हणून घाम येतो. हंड्याला ती ऊर्जा मिळत नाही, एवढंच पुस्तक सांगतं. विज्ञानातलं ‘कार्य’ आणि घरातले ‘कष्ट’ हे दोन वेगळे शब्द आहेत.

पायरी ७: ऊर्जेचा माग काढा

इथे दुसरा प्रश्न: कुठून आली, कुठे गेली? पैठणला जायकवाडी धरणाच्या पायथ्याशी १२ मेगावॅटचं जलविद्युत केंद्र आहे. वीज कुठून आली? पाण्याने फिरणाऱ्या टर्बाइनच्या गतिज, म्हणजे गतीमुळे असलेल्या, ऊर्जेतून. ती? नाथसागरात, म्हणजे धरणाच्या जलाशयात, उंचावर साठलेल्या पाण्याच्या स्थितिज, म्हणजे उंचीमुळे असलेल्या, ऊर्जेतून. पाणी उंचावर कोणी नेलं? सूर्याने. समुद्राची वाफ झाली, ढग सह्याद्रीला अडले, नाशिककडच्या डोंगरांवर पाऊस पडला, गोदावरीने पाणी आणलं. छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की त्याच तत्त्वावर चालायची, तिथे उंचावरून आणलेल्या पाण्याने जातं फिरायचं. परळीच्या औष्णिक केंद्रातल्या कोळशाचा माग काढला तरी शेवट कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या झाडांवर पडलेल्या उन्हातच होतो.

तुमच्या भाकरीचाही. १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठात साधारण १४ लाख ज्यूल ऊर्जा असते. वरच्या हिशोबाने त्यात ८०० बादल्या शेंदता याव्यात. शरीर त्यातला फार तर चौथा हिस्सा कार्यात उतरवतं, बाकीची उष्णता होते. तरी दोनशे बादल्या!

गतिज ऊर्जेत वेगाचा वर्ग येतो, हे मोटारसायकल चालवायला आसुसलेल्या पोरांनी नीट ऐकावं. गाडी आणि माणूस मिळून २०० किलो धरा. ताशी ३६ ला ऊर्जा १०,००० ज्यूल, ताशी ७२ ला ४०,०००. वेग दुप्पट, ऊर्जा चौपट, आणि तेवढ्याच ब्रेकवर थांबायला लागणारं अंतरही चौपट. ताशी ७२ ने आदळणं म्हणजे २० मीटर उंचीवरून पडणं, सहा मजल्यांएवढं.

पायरी ८: मोटारीची शक्ती

तेच कार्य किती वेळात केलं, ते शक्ती सांगते. १ हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट, म्हणून ५ एचपीची मोटर सेकंदाला ३७३० ज्यूल देते. १२ मीटर खोल विहिरीतून ती सेकंदाला जास्तीत जास्त ३१ लिटर पाणी काढू शकेल. ५०० फुटी बोअरमधून, म्हणजे सुमारे १५० मीटरवरून, फक्त अडीच लिटर. प्रत्यक्षात पंप आणि पाईप यांत ऊर्जा वाया जाते, त्यामुळे याहूनही कमी. भूजल खाली गेलं की विजेचं बिल का वाढतं, हे या दोन आकड्यांत आहे. बिलावरचं एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल.

पायरी ९: एक उदाहरण पूर्ण सोडवा

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली. पहिल्या फेरीत १० वाघिणी होत्या आणि सुमारे ५ लाख लिटर पाणी होतं. समजा ती ताशी ७२ किलोमीटरने चालली आहे आणि एक किलोमीटरात थांबवायची आहे. फक्त पाण्याचा हिशोब करू.

आधी एककं: वस्तुमान ५,००,००० किलो, वेग सेकंदाला २० मीटर. गतिज ऊर्जा म्हणजे वस्तुमानाच्या निम्म्याला वेगाच्या वर्गाने गुणायचं: १० कोटी ज्यूल. ती सगळी १००० मीटरात काढून घ्यायची, म्हणजे १ लाख न्यूटन बल हवं. पडताळा: १ लाख भागिले ५ लाख, वेग दर सेकंदाला ०.२ ने कमी होतो, २० वरून शून्यावर यायला १०० सेकंद. सरासरी वेग १०, त्याला १०० ने गुणलं की १००० मीटर. जुळलं.

ऊर्जा कुठे गेली? ब्रेक आणि चाकं तापली. १० कोटी ज्यूल म्हणजे साधारण २८ युनिट.

आणि गाडीला थांबवणारं बल कोणी लावलं? ओसरीवर सगळ्यांनी एकसुरात सांगितलं, ब्रेकने. मग पूर्ण गाडीभोवती कुंडाळं काढा. ब्रेक तर कुंडाळ्याच्या आत आहे, तो गाडीचाच भाग. त्याने चाकाचं फिरणं रोखलं. बाहेरून गाडीला मागे रेटतात ते रूळ.